जुनी फायबर होडी घेताना बॉडीची धास्ती: पाणी कुठे मुरलंय ते आधी शोधा

वापरलेली फायबर होडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बॉडी किती जाड आहे? मालक बाजूवर मूठ आपटून दाखवतो, घेणाराही दोन-चार ठिकाणी आपटतो, आवाज घट्ट आला की मान डोलावतो. मग सहा महिन्यांनी फ्लोअर पायाखाली दबायला लागतो, इंजिनाच्या बोल्टातून तपकिरी पाणी गळतं, आणि "फायबर हलकं निघालं" असं खापर फुटतं. बहुतेक वेळा फायबरचा त्यात दोष नसतो.

काच आणि पॉलिस्टर रेझिन कुजत नाही. कुजतं ते त्याच्या पोटात घातलेलं लाकूड. आपल्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या १८ ते २४ फुटी उघड्या होड्या घ्या, मासेमारीच्या असोत की मालवण-तारकर्लीकडच्या प्रवासी आणि वॉटर स्पोर्ट्सच्या, त्यांतल्या बहुतेकांचा तळ भरीव फायबरचा असतो. पण ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या फळीच्या आत प्लायवूड, तळाच्या उभ्या पट्ट्यांच्या, म्हणजे स्ट्रिंगरच्या आत लाकूड आणि फ्लोअरही फायबर चढवलेल्या प्लायचा, असं असतं. होडीचं आयुष्य या तीन जागांवर ठरतं. म्हणून तपासणी जाडीपासून नको, पाण्यापासून सुरू करा.

आणि पाणी म्हणजे समुद्राचं नव्हे, मुख्यतः पावसाचं. खाऱ्या पाण्यातलं मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला रोखतं, गोडं पाणी तिला पोसतं. लाकडातला ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा उबदार असली की बुरशी थांबत नाही, आणि कोकणातले पावसाळ्याचे चार महिने तिला अगदी मानवतात. त्यामुळे वर्षातले आठ महिने समुद्रात राबलेली आणि पावसाळ्यात नीट झाकून ठेवलेली होडी ही "फार वापरलीच नाही, दोन वर्षं उभीच आहे" अशा उघड्यावर पडलेल्या होडीपेक्षा पुष्कळदा बरी निघते. विक्रेत्याला इंजिनाचे तास किती झाले हे विचाराच, पण पावसाळ्यात होडी कुठे, कशी ठेवली होती, झाप-ताडपत्री होती का, आणि ड्रेन प्लग (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) काढून ठेवला होता का, हे त्याच्या आधी विचारा.

आधी होडी कुठल्या जातीची ते ठरवा

तीन प्रकार बाजारात "फायबर" याच नावानं विकले जातात आणि तिन्हींची दुखणी वेगळी.

भरीव: जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत, रंगीत रेझिनचा थर), त्यामागे मॅट (सुट्या काचतंतूंची चादर) आणि रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड) यांचे थर, बस. तळाची चिंता सगळ्यात कमी.

सँडविच: दोन फायबरच्या पातळ कातड्यांमध्ये बाल्सा लाकूड, पीव्हीसी फोम किंवा प्लाय. आपल्याकडच्या कामाच्या होड्यांत हे तळाला कमी आढळतं, पण बाहेरून आलेल्या स्पीडबोटी, केबिन क्रूझर, यॉट यांच्या डेकमध्ये जवळजवळ नेहमी आणि काहींच्या बाजूंत किंवा तळातही असतं. जाडीला फसू नका. २० मिलिमीटरची भिंत दिसली तरी फायबर त्यात दोन्हीकडचं मिळून सहा-सातच मिलिमीटर असू शकतं.

तिसरा प्रकार म्हणजे लाकडी होडीवर फायबरचा लेप. जुन्या होडीचं पाणी थांबवायला वरून एक-दोन मॅट चढवतात. बाहेरून ती अगदी फायबरची दिसते. आत वाकून बघितलं की फळ्या आणि वाक, म्हणजे लाकडी बरगड्या, दिसतात, आणि आतून रंगाचा जाड थर असेल तर चाकूच्या टोकानं एका कोपऱ्यात खरवडा. लेपाला वाईट म्हणायचं कारण नाही, पण पॉलिस्टर लाकडाला मुळातच नीट धरत नाही आणि साग तेलकट असल्यानं त्याला तर आणखी कमी. लेप एका जागी सुटला की पाणी फायबर आणि फळी यांच्या मधे जाऊन अडकतं, सुकत नाही, आणि फळी आतल्या आत मऊ होते. अशा होडीला फायबरच्या होडीचा भाव देऊ नका. ती लाकडी होडी आहे, सुतार बरोबर नेऊन लाकडासारखीच तपासा.

प्रकार ओळखायची खात्रीची जागा म्हणजे तळाचं किंवा बाजूचं एखादं भोक: बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या बुडाशी साचणारं, पाणी उपसणाऱ्या पंपाचा आऊटलेट, समुद्राचं पाणी घेणारा व्हॉल्व्ह, फिश फाइंडरच्या वायरीची जागा. फिटिंग काढू दिली तर कडेला सगळा थर उघडा दिसतो. भरीव असेल तर हिरवट किंवा मधाच्या रंगाचं एकसंध काचेचं कापलेलं तोंड. मधे फिकट लाकूड किंवा फोमची पट्टी दिसली की सँडविच. तिथेच टोकाला आकडा केलेली तार आत घालून जाडीही मोजून घ्या.

ट्रान्सम: इथे अर्धा दिवस घालवा

ट्रान्सम म्हणजे मागची उभी फळी, जिच्यावर आऊटबोर्ड इंजिन लटकतं. शंभर किलोच्या आसपास वजनाचं इंजिन, त्याचा रेटा, लाटांचे धक्के, आणि या सगळ्याखाली बोल्टांची चार भोकं, ड्रेनचं भोक, फिश फाइंडरच्या ट्रान्सड्युसरचे (सेन्सरचे) दोन स्क्रू. त्यातलं प्रत्येक भोक प्लायपर्यंत पोचतं. भोक पाडताना कडा रेझिननं बंद केल्या नसतील, नुसतं सिलिकॉन लावून स्क्रू पिळला असेल, तर पाणी आत जायला ती वाट कायमची उघडी.

सुरुवात ड्रेनपासून करा, कारण ती सगळ्यात खालची जागा आणि कुजणं बहुधा तिथूनच सुरू होतं. ड्रेनच्या पितळी किंवा प्लॅस्टिकच्या बुशचे दोन-तीन स्क्रू काढा आणि बुश बाहेर घ्या. भोकाच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. रेझिननं बंद केलेली कड गुळगुळीत आणि काचेसारखी कडक लागते. प्लायचे थर हाताला लागले, एक थर फिकट, एक गडद, आणि बोटाला ओल किंवा काळपट चिखल आला, तर मुळापाशी ओल पोचलेली आहे. टोच्या घेऊन थरात दाबा. चांगल्या प्लायमध्ये टोक दोन मिलिमीटरवर अडतं. कुजलेल्यात ते मऊ केळ्यात जावं तसं जातं. स्क्रू बाहेर येताना काही जोर न लागता नुसता फिरत राहिला, तर हाही तोच निरोप.

मग इंजिन अर्धं वर उचलून लॉक करा. एकानं खालचा गिअरकेस (प्रॉपेलर बसतो तो भाग) धरून वर-खाली हलवायचं, जोर लावून पण झटका न देता. दुसऱ्यानं इंजिनाकडे बघायचं नाही, ट्रान्समकडे बघायचं, आणि बोटांची टोकं ट्रान्सम जिथे बाजूंना आणि फ्लोअरला मिळतो त्या कोपऱ्यांत ठेवायची. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये थोडा खेळ असतो, तो वेगळा. ट्रान्सम स्वतः हलत असेल, कोपऱ्यातली चीर उघडमीट करत असेल, किंवा बोल्टाच्या वॉशरखालून पाण्याचा थेंब येत असेल, तर आतला प्लाय गेला असं धरून चाला. ब्रॅकेटचे वॉशर फायबरमध्ये खड्डा करून रुतलेले दिसणं हीसुद्धा तशीच खूण, कारण आतलं लाकूड दबतंय.

खात्री हवी असेल तर भोकं पाडावी लागतात. मालकाची परवानगी आधी घ्या, शक्यतो लेखी. ५ मिलिमीटरचा ड्रिल बिट घ्या. ट्रान्सम साधारण ४० ते ५० मिलिमीटर जाड असतो, तेव्हा बिटवर ३० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बाहेरची कातडी फुटणार नाही. भोकं नेहमी आतल्या बाजूनं: दोन खालच्या कोपऱ्यांत, एक ड्रेनच्या बाजूला, एक इंजिनाच्या खालच्या बोल्टांच्या मधे आणि तुलनेसाठी एक वर, कोरड्या जागी. निघणारा भुसा पांढऱ्या कागदावर घ्या. फिकट, कोरडा, लाकडाच्या वासाचा भुसा म्हणजे ठीक. चहाच्या चोथ्यासारखा गडद, बिटला चिकटणारा, चिमटीत दाबला तर पाणी सोडणारा भुसा म्हणजे प्लाय बदलायचा. बिट मधेच धसकन आत गेला तर तिथे पोकळी आहे. वरच्या भोकाचा आणि खालच्या भोकांचा भुसा शेजारी ठेवा, वाद मिटतो.

फ्लोअर, स्ट्रिंगर आणि फोमचं लपलेलं वजन

फ्लोअरवर अनवाणी चाला. बूट घातले की मऊपणा कळत नाही. टाच टेकवत सीटच्या पायांभोवती, हॅचच्या कडांना आणि मागच्या दोन कोपऱ्यांत जास्त वेळ घ्या. फ्लोअर मऊ असणं हे स्वतः मोठं दुखणं नाही, प्लायचा पत्रा बदलला की झालं. पण मऊ फ्लोअरखाली स्ट्रिंगर कोरडे राहिलेत असं क्वचितच घडतं.

स्ट्रिंगर बघायला हॅच उघडून टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. स्ट्रिंगरच्या बुडाशी पाणी इकडून तिकडे जायला भोकं ठेवलेली असतात. लाकडाला फायबर चढवल्यावर ही भोकं पाडली आणि त्यांच्या कडा उघड्या ठेवल्या, ही बांधणीतली सगळ्यात सामान्य चूक. बिल्जमधलं पाणी रोज तिथून लाकडात शिरतं. भोकात बोट घाला, कड बघा, टोच्यानं टोचा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: स्ट्रिंगरवरचं फायबर पाच-सहा मिलिमीटर जाड असेल तर ताकद त्या फायबरच्या पेटीत असते, आतलं लाकूड किंवा फोम फक्त आकार देण्यापुरता. अशा वेळी आतलं लाकूड कुजलं तरी होडी लगेच मोडत नाही. फायबर दोन-तीन मिलिमीटरचंच असेल तर ताकद लाकडाची होती आणि ती गेली. स्ट्रिंगर आणि तळ यांच्या सांध्यात केसासारखी चीर दिसली, किंवा दाबल्यावर तिथून पाणी बाहेर आलं, तर सांधा सुटलाय. ही गोष्ट मी मऊ फ्लोअरपेक्षा कितीतरी गंभीर मानेन.

फ्लोअरखाली ओतलेला पीयू फोम हा बुडू नये म्हणून असतो. वर्षानुवर्षं पाण्यात बसला की तो पाणी पितो आणि परत देत नाही. अर्धा घनमीटर कोरडा फोम साधारण पंधरा-सोळा किलोचा असतो. त्यानं निम्मं पाणी प्यायलं तर अडीचशे किलो चढले, म्हणजे तीन-चार माणसं कायमची होडीत बसलेली. इंजिन जुनंच असताना होडी उठत नाही, पेट्रोल जास्त खाते, मागून खाली बसते, अशी तक्रार ऐकली की प्रॉपेलरला हात लावण्याआधी वजन करा. ट्रेलर किंवा टेम्पोसह वजनकाट्यावर, मग रिकाम्या ट्रेलरचं वजा. इंजिन, बॅटरी, पेट्रोल यांचं वजन वजा करून जे उरतं ते बनवणाऱ्यानं सांगितलेल्या वजनाशी किंवा त्याच साच्यातल्या दुसऱ्या होडीशी ताडा. काटा जवळ नसेल तर पाण्यात उभी असताना बघा: बाजूवरची जुनी शेवाळाची रेष पाण्याच्या रेषेपेक्षा बरीच खाली गेली असेल, तर होडी जड झालीय.

तळ आणि बाजू वाजवून बघणं

प्लॅस्टिकच्या डोक्याचा शंभर-दीडशे ग्रॅमचा हातोडा किंवा जाड स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरते. पाच-पाच सेंटिमीटरवर हलके ठोके, हातात खडू. चांगल्या थरातून ठणठणीत, तोकडा आवाज येतो; थर सुटला असेल किंवा आत पाणी असेल तर भद्द आणि दबका. टाकी, स्ट्रिंगर, बल्कहेड (होडीतली आडवी भिंत) यांच्यावरून हातोडा गेला की आवाज बदलणारच, तो दोष नव्हे. म्हणून डाव्या बाजूची जागा वाजवली की लगेच उजवीकडची तीच जागा वाजवा. दोन्हीकडे सारखा बदल म्हणजे आतलं काहीतरी बांधकाम. एकीकडेच बदल म्हणजे खडूनं गोल करा आणि गोलाच्या कडा शोधत बाहेर जा. तळहाताएवढा गोल दुरुस्त होतो, पण गोल वाढत वाढत फ्लोअरएवढा झाला तर थांबा.

जेलकोटवरच्या चिरांचा आकार बरंच सांगतो. एका बिंदूतून तारेसारख्या फुटलेल्या चिरा म्हणजे तिथे काहीतरी आदळलंय, खडक किंवा धक्क्याचा खांब. दोर बांधायच्या क्लीटभोवती गोल चिरा म्हणजे दोराचा ताण. एकाशेजारी एक समांतर रेषा, विशेषतः बल्कहेडच्या समोर किंवा तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवर, म्हणजे तो भाग रोज वाकतोय. बारीक चिरा दिसत नसतील तर मार्करची शाई चोळून स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, शाई चिरेत राहते. मग एका चिरेवर खरवडणीच्या टोकानं इंग्रजी व्हीसारखी खाच घ्या, अर्धा मिलिमीटर. जेलकोटची जाडी साधारण तेवढीच असते. चीर तिथे संपली तर ती रंगकामाची बाब. खाली काचेच्या तंतूंपर्यंत चालू राहिली, किंवा आतून रंग न दिलेल्या जागी त्याच ठिकाणी फायबर पांढुरकं पडलेलं दिसलं, तर थर मोडलेत.

रंग न दिलेल्या, फिकट जेलकोटच्या होडीसाठी एक सोपी तपासणी आहे आणि ती फार कमी लोक करतात. अंधार पडल्यावर एकानं आतून जोरदार टॉर्च बाजूला चिकटवून धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. भरीव फायबरमधून उजेड मंद मधासारखा पार येतो. त्यात हवेचे बुडबुडे, रेझिन न पोचलेल्या सुक्या जागा आणि जुन्या दुरुस्तीची ठिगळं डागांसारखी उठून दिसतात. दिवसा न दिसलेलं हाताएवढं ठिगळ इथे एका नजरेत सापडतं.

समुद्रकिनाऱ्यावर रोज ओढल्या जाणाऱ्या होडीचा कणा वेगळा बघा. वाळू जेलकोट खाते, मग मॅट, मग रोव्हिंग. होडी कलती करून कण्यावरून हात फिरवा. काचेचे तंतू खरखरीत लागले तर तिथे पाणी थेट थरात शिरतंय. हे भरून निघतं, पण किंमत ठरवताना मोजायला हवं.

फोड आले असतील तर

खाडीत कायम पाण्यात बांधून ठेवलेल्या होडीच्या तळावर फोड दिसतात, रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीवर कमी. जेलकोटमधून पाणी हळूहळू झिरपतं, थरातल्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळून आंबट द्रव तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो आणि दाबानं जेलकोट फुगतो. स्वस्त जनरल पर्पज रेझिन आणि इमल्शन बाइंडरची मॅट (बाइंडर म्हणजे मॅटचे तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ) यांत हे लवकर होतं. आयसोफ्थॅलिक रेझिन आणि पावडर बाइंडरची मॅट यांत उशिरा, आणि व्हिनाइल एस्टरमध्ये आणखी कमी. बांधणाऱ्यानं काय वापरलं ते विचारा, बिलं असतील तर उत्तम.

होडी पाण्यातून काढल्याबरोबर फोडांभोवती पेन्सिलनं खुणा करा, कारण सुकल्यावर ते बसतात आणि दिसेनासे होतात. एक फोड फोडायचाच असेल तर चष्मा लावा, आत दाब असतो. चिकट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघालं तर ही तीच व्याधी. नुसतं साधं पाणी आणि रंगाचा पापुद्रा निघाला तर फोड रंगाचा होता. फोडांमुळे होडी बुडत नाही. किंमत कमी करून घ्या, पण केवळ एवढ्यासाठी चांगली होडी सोडू नका. दुरुस्ती म्हणजे त्या भागाचा जेलकोट काढणं, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुणं, अनेक आठवडे सुकवणं आणि मग इपॉक्सीचे पाच-सहा हात. धुणं आणि सुकवणं टाळून वरून इपॉक्सी मारली की पुढच्या हंगामात फोड परत येतात.

आता जाडी

जाडीचा हिशोब थरांवरून करता येतो, अंदाजपंचे नको. हातानं केलेल्या कामात ४५० ग्रॅमची एक मॅट साधारण १ मिलिमीटर देते, ३०० ची ०.७, आणि ६०० ग्रॅमचं रोव्हिंग ०.७ ते ०.८. म्हणजे जेलकोट, एक ३०० ची मॅट आणि मग ४५० मॅट अधिक ६०० रोव्हिंग अशा तीन जोड्या टाकल्या तर साडेसहा मिलिमीटरच्या आसपास येतं. विक्रेता "आठ थर आहेत" म्हणतो आणि भोकात कॅलिपर चार दाखवतो, तर काहीतरी जुळत नाही.

पण जाड म्हणजे मजबूत नव्हे. कारागिरानं रोलर नीट न फिरवता रेझिन ओतलं तर जाडी वाढते, काच तेवढीच राहते, आणि असा थर ठिसूळ होतो. मॅटमध्ये वजनानं तीस टक्क्यांच्या आसपास काच असायला हवी, रोव्हिंगमध्ये पंचेचाळीस ते पन्नास. मोठी होडी, मोठी रक्कम असेल तर भोकातून निघालेली चकती प्रयोगशाळेत जाळून घेता येते. रेझिन जळून जातं, काच उरते, तिचं वजन होतं आणि थरही एक एक सुटे करून मोजता येतात. २० फुटी होडीसाठी एवढं करायची गरज सहसा नसते. बाहेरून आलेल्या होडीचं वय मात्र फुकट कळतं: अमेरिकेत बनलेल्या होडीच्या ट्रान्समवर उजवीकडे वरच्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा हल क्रमांक, म्हणजे बॉडीचा ओळख क्रमांक असतो आणि आताच्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो खरवडलेला असेल तर कागदपत्रं दहा वेळा तपासा.

ओलावा मोजायचं मीटर: किती विश्वास ठेवायचा

पिना टोचायचं मीटर फायबरवर निरुपयोगी. नुसतं टेकवायचं मीटर चालतं, पण त्याचा लाकडाच्या मापावरचा आकडा म्हणजे फायबरमधला टक्का नव्हे. आकडे फक्त एकमेकांशी ताडायचे: डावी-उजवी, पाण्याच्या वर-खाली. पृष्ठभागावर मीठ असेल, तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला) असेल, मागे टाकी किंवा धातू असेल तर मीटर उगाच ओरडतं. आधी गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, होडी काही दिवस सुकू द्या.

इथेच आपल्याकडची अडचण येते. यांत्रिक मासेमारीच्या होड्या १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीत वर ओढलेल्या असतात, बघायला निवांत, मालकही विकायला तयार. पण हवा पाण्यानं भरलेली असते आणि मीटरवर काहीच कळत नाही. त्या दिवसांत हातोडा, टोच्या आणि ड्रिलवर भर द्या, मीटर मे महिन्यासाठी ठेवा. पावसाळ्यात एक गोष्ट मात्र आयती मिळते: दोन दिवसांच्या पावसानंतर गेलात तर होडीत पाणी कुठून शिरतं आणि कुठे साचून राहतं ते समोर दिसतं.

सापडलं, आता काय

ताजा रंग दिलेला बिल्ज, एकाच जागी चमकणारी नवी मॅट, ट्रान्समच्या आत नुकतंच लावलेलं फ्लोकोट (आतून द्यायचा जेलकोटसारखा लेप), यांपैकी काही असलं की खाली काय होतं ते विचारा आणि दुरुस्तीचे फोटो मागा. काम नीट केलेल्या मालकाकडे ते बहुधा असतात.

तळ सँडविच आहे आणि बाल्सा ओला आहे, तर ती होडी सोडा. बाल्साच्या पत्र्याला वळण देण्यासाठी चौकोनी खाचा मारलेल्या असतात; त्या रेझिननं भरल्या नसतील तर पाणी त्यांतून पाटासारखं पसरतं आणि कुठे संपतं ते कळत नाही. स्ट्रिंगर तळापासून लांबवर सुटलेत, किंवा दोन-तीन ठिकाणी थर सुटलेत, तरीही सोडा. नुसता ट्रान्सम कुजलाय आणि बाकी बॉडी धडधाकट आहे, तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही.

ट्रान्सम आतून उघडायचा, म्हणजे बाहेरची कातडी आणि जेलकोट शाबूत राहतो. आतली कातडी कडेनं पाच-सात सेंटिमीटर सोडून कापा, कुजका प्लाय पूर्ण काढा, उरलेलं फायबर घासून कोरडं करा. घासताना धूळ-मास्क आणि चष्मा हवाच. नवा प्लाय आयएस ७१० चा मरीन, १८ मिलिमीटरचे दोन, इपॉक्सीत सिलिका पावडर मिसळून एकमेकांना चिकटवलेले. हार्डवेअरच्या दुकानातला आयएस ३०३ चा प्लाय इथे नको. चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात, बसवून क्लँप, कोपऱ्यात अंगठ्याएवढी गोलाई, मग फायबर बाजूंवर आणि तळावर निदान १५ सेंटिमीटर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे. काम इपॉक्सीत करायचं तर शिवलेलं बायॅक्सिअल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड घ्या, कारण साध्या मॅटचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट ताठ राहते. एकदा इपॉक्सी लावल्यावर वर पॉलिस्टर चढवू नका, धरत नाही. पॉलिस्टरमध्येच करायचं ठरवलं तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर, वजनाच्या १ ते २ टक्के. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, आणि हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

इंजिनाच्या बोल्टांची भोकं १२ मिलिमीटरची लागत असतील तर १८-२० ची पाडा, घट्ट इपॉक्सीनं भरा, कडक झाली की मधोमध साडेबाराचं भोक पाडा. असं केलं की बोल्ट कितीही गळला तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. ड्रेनचं भोक, ट्रान्सड्युसरचे स्क्रू, सीटचे पाय, सगळ्यांना हेच.

तपासणीची ५ मिलिमीटरची भोकंही तशीच सोडायची नाहीत, सौदा झाला नाही तरी. कोरड्या भोकात आधी पातळ इपॉक्सी इंजेक्शनच्या सिरिंजनं, लाकूड पिईल तेवढी, मग घट्ट केलेली, वर सँडपेपर आणि जेलकोटचा टिपका. भोक ओलं असेल तर तात्पुरतं चिकटपट्टीनं झाका आणि ते कुठे आहे हे मालकाला दाखवून या.